ऑनलाइन दुकानाचे पान संथ उघडत असेल तर: वेग आणि कॅश यांचा शोध कसा घ्यावा

दुकानाची साइट रेंगाळू लागली की बहुतेकांचा हात प्रथम कॅश, म्हणजे तयार उत्तरांचा जपून ठेवलेला साठा, रिकामी करण्याच्या बटणाकडे जातो, आणि तेवढ्याने भागले नाही तर आणखी एक कॅशिंग प्लगइन (साइटला जोडायचा पूरक प्रोग्राम) बसवले जाते. हे दोन्ही निदानाआधीच केलेले उपचार आहेत. कॅश रिकामी केल्याबरोबर बिघाडाचा पुरावा पुसला जातो. आणि दोन कॅशिंग प्लगइन एकाच वेळी चालू राहिले तर ग्राहकाला मिळालेले पान कॅशच्या नेमके कोणत्या थराने दिले हे ठरवणेच कठीण होऊन बसते. म्हणून आधी वेळ कुठे खर्च होतो हे मोजावे, मग उत्तर कोणत्या थरातून येते हे पाहावे, आणि त्यानंतरच सेटिंगला हात लावावा.

दुकानाची साइट माहितीपर साइटपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळी असते. वस्तूचे छायाचित्र, वर्णन आणि वर्गवारीची यादी सर्वांसाठी सारखी असते. कार्ट, पत्ता, मागील ऑर्डरी आणि काही दुकानांत किंमतसुद्धा माणसागणिक बदलते. एकदा तयार केलेले उत्तर जपून ठेवून पुढच्या माणसाला तेच देणे हे कॅशचे काम असल्यामुळे, ती केवळ समान असलेल्या भागालाच लागू पडते. याचा अर्थ असा की कार्ट आणि चेकआउट ही पाने, म्हणजे जिथे विक्री प्रत्यक्षात पूर्ण होते तीच पाने, पानांच्या कॅशचा आधार न घेता वेगाने चालली पाहिजेत. कॅशमुळे मुखपृष्ठ झटपट उघडते आणि दुकानदार निश्चिंत होतो, पण त्यामागचा सर्व्हर संथच असेल तर ग्राहक पैसे भरताना अडखळतो. ही बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि पुढील सर्व तपास तिच्याभोवतीच मांडला आहे.

मोजमाप

‘साइट स्लो आहे’ ही तक्रार तपासाला पुरेशी नसते. कोणते पान, मोबाइलवर की संगणकावर, लॉगिन करून की न करता, पहिल्याच भेटीत की पुन्हा आल्यावर, आणि जाहिरातीच्या दुव्यावरून की थेट पत्ता टाकून, इतके प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुकानाचा मालक स्वतः तपासतो तेव्हा तो बहुधा प्रशासक म्हणून लॉगिन केलेला असतो, आणि बहुतेक व्यवस्थांमध्ये लॉगिन केलेल्या व्यक्तीला पानांच्या कॅशमधून उत्तर दिले जात नाही. त्यामुळे त्याला साइट नेहमीच संथ दिसते आणि कॅश चालत नसल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तपासणी ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता करावी. आणि लॉगिन केलेल्या ग्राहकाचा अनुभव तपासायचा असेल तर त्यासाठी साध्या ग्राहकाचे वेगळे खाते तयार करावे.

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात दोन प्रकारचे आकडे एकाखाली एक येतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. वरचे आकडे प्रत्यक्ष क्रोम वापरणाऱ्या लोकांकडून गोळा झालेले, मागील २८ दिवसांचे असतात. खालचे आकडे लाइटहाउस या गूगलच्या चाचणी-साधनाने त्याच क्षणी केलेल्या एका चाचणीचे असतात. आज केलेली दुरुस्ती खाली लगेच दिसेल, वर मात्र ती पूर्ण उमटायला चार आठवडे लागतील. वरच्या आकड्यांत तीन मापे पाहावीत. पानावरील सर्वांत मोठा घटक, म्हणजे बहुधा वस्तूचे छायाचित्र, २.५ सेकंदांच्या आत दिसले पाहिजे; ग्राहकाने बटण दाबल्यावर पानाचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत उमटला पाहिजे; आणि पान उघडताना मजकूर खालीवर सरकण्याचे माप ०.१ पेक्षा जास्त नसावे. या मर्यादा किमान ७५ टक्के भेटींमध्ये पाळल्या गेल्या तर पान चांगले मानले जाते. प्रतिसादाचे माप मार्च २०२४ पासून आधीच्या मापाच्या जागी आले आहे, म्हणून जुन्या मार्गदर्शिकांतील आकडे त्याला लावू नयेत. शंभरपैकी मिळणारे गुण हे ध्येय नव्हे. ते एका चाचणीचे असतात आणि दोन चाचण्यांमध्येही बदलतात.

यानंतर ब्राउझरची विकसक-साधने उघडून नेटवर्क हा विभाग पाहावा. पान नव्याने लोड केल्यावर दिसणारी पहिली ओळ साधारणपणे मूळ दस्तऐवजाची असते. समजा, एका वस्तूच्या पानासाठी या ओळीत सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात २.१ सेकंद गेले आणि उरलेले सगळे पुढच्या १.२ सेकंदांत उरकले. अशा पानावर छायाचित्रे कितीही लहान केली तरी पहिले २.१ सेकंद जसेच्या तसे राहतील, कारण तेवढा वेळ ब्राउझरच्या हातात काहीच आलेले नव्हते. उलट, पहिला बाइट, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा अगदी पहिला अंश, ०.३ सेकंदांत आला आणि मोठे छायाचित्र ४ सेकंदांनी दिसले, तर सर्व्हर बदलून काही साधणार नाही. सर्वसाधारण निकष असा की पहिला बाइट ०.८ सेकंदांच्या आत यावा. तपासाची दिशा या एका ओळीवरून ठरते, म्हणून ती चार वेगवेगळ्या पानांवर पाहावी: मुखपृष्ठ, एखादी वर्गवारीची यादी, एखादी वस्तू आणि चेकआउट.

पहिला बाइट उशिरा येत असेल तर

याच ओळीवर क्लिक करून उत्तरासोबत आलेले हेडर, म्हणजे त्या उत्तराविषयीच्या तांत्रिक ओळी, वाचावेत. कॅशची स्थिती सांगणारा हेडर सेवेनुसार वेगवेगळ्या नावाने येतो, पण आशय सारखाच असतो: हिट म्हणजे उत्तर साठ्यातून मिळाले, मिस म्हणजे ते नव्याने तयार करावे लागले, आणि बायपास म्हणजे साठ्याला मुद्दाम वगळले गेले. एज (Age) नावाचा हेडर ते उत्तर किती सेकंदांपासून साठ्यात आहे हे सांगतो. एकच पान लागोपाठ दोनदा मागवावे. पहिल्या वेळी मिस आणि दुसऱ्या वेळी हिट आले, एजचा आकडाही वाढत गेला, तर कॅश नीट चालते आहे. दोन्ही वेळा मिस आले तर उत्तर साठवलेच जात नाही. क्लाउडफ्लेअर ही साइटच्या पुढे बसून प्रती साठवणारी सेवा वापरणाऱ्यांना अनेकदा डायनॅमिक असा शब्द दिसतो. ती सेवा मुळात चित्रे, स्टाइलशीट, स्क्रिप्ट अशा फाइलीच साठवते आणि एचटीएमएल साठवण्यासाठी वेगळा नियम लावावा लागतो, ही गोष्ट ती सेवा जोडून झाल्यावर बरेच जण विसरतात.

साठा असूनही तो वापरला जात नसेल तर पहिला संशय कुकीवर, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लहान नोंदीवर, घ्यावा. व्हार्निश हे कॅश सर्व्हर आपल्या मूळ मांडणीत कुकी असलेली विनंती थेट मागच्या सर्व्हरकडे पाठवते आणि नवी कुकी देणारे उत्तर साठवत नाही. एखाद्या विश्लेषण प्लगइनने किंवा चॅटच्या खिडकीने प्रत्येक अभ्यागताला कुकी दिली की नियमावलीत तिला वगळलेले नसल्यास संपूर्ण साइटची कॅश निकामी होते, आणि वरून पाहता सेटिंगमध्ये सगळे चालूच दिसते. मॅजेंटो या दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये असाच परिणाम एका वेगळ्या कारणाने होतो: पानाच्या मांडणीत एखाद्या लहानशा ब्लॉकवर कॅशेबल फॉल्स असे लिहिलेले असले तर केवळ तो ब्लॉक नव्हे, तर ते संपूर्ण पानच साठवले जात नाही. ती मांडणी सगळ्या पानांना लागू असली तर सगळे दुकान कॅशविना चालते. बाहेरून आणलेले एक्स्टेंशन बसवल्यानंतर साइट अचानक संथ झाली असेल तर त्याच्या मांडणीच्या फाइलींत हा शब्द आधी शोधावा.

दुसरे कारण पत्त्याच्या शेपटीत असते. जाहिरातीवरून येणाऱ्या ग्राहकाच्या पत्त्याला यूटीएम, जीक्लिड, एफबीक्लिड अशी जाहिरातीचा मागोवा घेणारी माहिती जोडलेली असते, आणि यांतील क्लिकचे क्रमांक दर वेळी नवे असतात. कॅश जर पूर्ण पत्ता हीच ओळख मानत असेल, तर तिच्या दृष्टीने प्रत्येक क्लिक हे नवे पान ठरते. परिणामी पैसे मोजून आणलेला ग्राहकच सर्वांत संथ पान पाहतो, आणि दुकानदाराने थेट पत्ता टाकून तपासले तर सर्व काही झटपट उघडते. कॅशच्या ओळखीतून ही जाहिरातींची नावे वगळण्याची सोय बहुतेक सेवांमध्ये आहे आणि ती अवश्य वापरावी. वस्तूंच्या गाळणीचे (फिल्टरचे) मात्र तसे करता येत नाही, कारण तिथे पत्त्यातील माहितीने यादी खरोखर बदलते. ८ रंग, ६ मापे आणि ४ प्रकारचे क्रम यांतून एकेक निवड केली तरी एका वर्गवारीचे १९२ पत्ते तयार होतात. शोधयंत्रांचे आणि इतर बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्राम, हे सगळे पत्ते चाळत बसले तर सर्व्हर त्यांच्याच सेवेत अडकतो. सर्व्हरच्या नोंदींमध्ये अशा पत्त्यांची गर्दी दिसत असेल तर बॉटना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये गाळणीचे पत्ते वर्ज्य करावेत, आणि न जुमानणाऱ्या बॉटना फायरवॉलवर अडवावे.

कॅशमागचा सर्व्हर स्वतः किती वेळ घेतो हे वेगळे मोजणे आवश्यक आहे. त्यासाठी पत्त्याच्या शेवटी कोणतेही निरर्थक नाव आणि अंक जोडून पान मागवावे. असे पान साठ्यात असण्याची शक्यता नसल्याने खरा वेळ समोर येतो. हा वेळ दोन-तीन सेकंदांच्या पुढे असेल तर चेकआउटही तितकेच रेंगाळते असे समजावे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये संथ क्वेरींची (माहितीच्या विचारणांची) नोंद चालू करावी, परंतु तिची मूळ मर्यादा १० सेकंदांची असते आणि दुकानाला त्रास देणाऱ्या बहुतेक क्वेरी तिच्या खूप आत संपतात, म्हणून ती एका सेकंदावर किंवा त्याहून खाली आणावी. वर्डप्रेसवरील दुकानात ऑप्शन्स नावाच्या तक्त्यातील, प्रत्येक विनंतीला आपोआप वाचल्या जाणाऱ्या नोंदी पाहाव्यात. काढून टाकलेल्या प्लगइनांचा उरलेला पसारा तिथे वर्षानुवर्षे साचत राहतो. या नोंदी ८०० किलोबाइटच्या पुढे गेल्या तर वर्डप्रेसची साइट हेल्थ चाचणीही आता इशारा देते. वूकॉमर्स या वर्डप्रेसवरील दुकानाच्या प्लगइनमध्ये ऑर्डरींसाठी स्वतंत्र तक्ते ठेवण्याची पद्धत नव्या दुकानांना ऑक्टोबर २०२३ मधील ८.२ आवृत्तीपासून आपोआप मिळते. जुन्या दुकानांत मात्र ऑर्डरी अजूनही लेखांच्याच तक्त्यांत साठत असू शकतात, आणि ऑर्डरींची संख्या मोठी असेल तर बॅकअप घेऊन, प्लगइनांची सुसंगतता तपासून हे स्थलांतर करणे फायद्याचे ठरते. रेडिससारखी ऑब्जेक्ट कॅश डेटाबेसची तीच ती विचारणा वाचवते, आणि ती लॉगिन केलेल्या ग्राहकालाही उपयोगी पडते, हा तिचा पानांच्या कॅशपेक्षा मोठा गुण आहे.

केवळ चेकआउटच संथ असेल आणि बाकी पाने ठीक असतील तर डेटाबेसच्या आधी बाहेरच्या सेवा तपासाव्यात. वाहतुकीचा दर, कर किंवा पत्त्याची खातरजमा यांसाठी आपला सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. त्या सेवेला चार सेकंद लागले तर आपल्या पानालाही तेवढे लागतात, आणि आपल्या सर्व्हरवर भार मात्र काहीच दिसत नाही. अशा विनंतीला कालमर्यादा घालावी, उत्तर न आल्यास लावायचा ठरावीक दर आधीच ठरवावा आणि त्याच पिनकोडसाठी व वजनासाठी मिळालेला दर काही मिनिटे जपून ठेवावा.

वूकॉमर्समधील आणखी एक जुना त्रास येथे सांगितला पाहिजे. पानाच्या कोपऱ्यातील लहान कार्ट ताजी ठेवण्यासाठी ब्राउझर मागून एक वेगळी विनंती पाठवतो, आणि ती कॅशमधून भागत नाही. पूर्वी ही विनंती रिकाम्या कार्टसाठीही साइटभर जात असे, ७.८ आवृत्तीपासून ती लहान कार्टचे विजेट असेल तिथेच जाते. तरीही अनेक थीम ती स्वतःहून चालू ठेवतात. नेटवर्क विभागात गेट रिफ्रेश्ड फ्रॅगमेंट्स या नावाची ओळ प्रत्येक पानावर दिसली आणि ती सेकंदभर चालत असली, तर थीमच्या सेटिंगमध्ये तिचा उगम शोधावा.

पहिला बाइट लवकर येऊनही पान रेंगाळत असेल तर

येथे सर्वाधिक नुकसान एका चांगल्या हेतूने केलेल्या सेटिंगने होते. छायाचित्रे उशिरा लोड करण्याची सोय खाली असलेल्या चित्रांसाठी उत्तम आहे, परंतु अनेक प्लगइन ती सरसकट लावतात आणि वस्तूचे मुख्य छायाचित्रही थांबवून ठेवतात. मुख्य छायाचित्राला या सोयीतून वगळावे आणि त्याच्या टॅगमध्ये फेच-प्रायॉरिटी हाय असे लिहावे. मोबाइलवर ४०० पिक्सेल रुंदीत दिसणाऱ्या चित्रासाठी ३,००० पिक्सेलची मूळ फाइल पाठवू नये; वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती आणि वेबपी किंवा एव्हीआयएफ हे प्रकार वापरावेत. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहिलेली असावी, म्हणजे ते येण्याआधीच जागा राखली जाते आणि ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण ग्राहकाच्या बोटाखालून सरकत नाही.

बटण दाबल्यावर पान थिजत असेल तर दोष बहुधा स्क्रिप्टचा असतो, आणि दुकानांत त्या बहुतेक बाहेरच्या असतात: चॅट, समीक्षा, शिफारशी, जाहिरातींचे टॅग. विकसक-साधनांत एकेक डोमेन अडवून पान पुन्हा तपासता येते. ज्याला अडवल्यावर पान मोकळे होते तो अपराधी. शॉपिफायसारख्या, दुकान स्वतःच्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या सेवेवर सर्व्हरची कॅश आपल्या हाती नसते, तेव्हा तेथील बहुतेक सुधारणा याच जागी, म्हणजे ॲप आणि थीम यांच्या कोडमध्ये, करावी लागते. जेक्वेरीसारखी तयार स्क्रिप्टची ग्रंथालये सामायिक पत्त्यावरून घेतल्यास ग्राहकाकडे ती आधीच साठलेली असतील, हा जुना सल्ला मात्र सोडून द्यावा. क्रोमने ऑक्टोबर २०२० मधील ८६ व्या आवृत्तीपासून प्रत्येक साइटचा साठा वेगळा केला आहे.

जुनी किंमत आणि दुसऱ्याची कार्ट

किंमत बदलली, पण ग्राहकाला जुनीच दिसते, अशी तक्रार आली तर थर आतून बाहेर या क्रमाने रिकामे करावेत: आधी ऑब्जेक्ट कॅश, मग पानांची कॅश, मग सीडीएन, म्हणजे ग्राहकाजवळच्या सर्व्हरांवर प्रती ठेवणारी सेवा. उलट क्रमाने केल्यास बाहेरचा थर रिकामा होताच आतल्या जुन्या उत्तराने पुन्हा भरतो आणि सगळे रिकामे करूनही किंमत बदलत नाही. ग्राहकाच्या ब्राउझरमधील प्रत आपल्याला परत मागवता येत नाही, म्हणून एचटीएमएलला ब्राउझरसाठी अगदी अल्प मुदत आणि सीडीएनसाठी वेगळी, मोठी मुदत द्यावी. कॅश-कंट्रोल या हेडरमध्ये अनुक्रमे मॅक्स-एज आणि एस-मॅक्सएज अशा दोन मुदती त्यासाठीच आहेत. स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट यांना ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभराची मुदत बिनधास्त द्यावी, मात्र फाइल बदलली की तिचे नावही बदलले पाहिजे. नो-कॅश याचा अर्थ साठवू नका असा नाही. साठवा, पण वापरण्याआधी प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारा असा आहे. अजिबात न साठवण्यासाठी नो-स्टोअर लिहावे लागते. ते कार्ट, चेकआउट आणि खाते यांवर अवश्य असावे, पण सरसकट सर्व पानांवर नसावे, कारण त्यामुळे वस्तूवरून यादीकडे मागे जाताना पान क्षणात परत दाखवण्याच्या ब्राउझरच्या सोयीत अडथळा येऊ शकतो.

वर्डप्रेसमध्ये पानांची कॅश १२ तासांपेक्षा जास्त जुनी होऊ देऊ नये, कारण फॉर्ममधील सुरक्षा-खूण १२ ते २४ तासांत कालबाह्य होते आणि मग पान उघडते, पण बटण चालत नाही.

चुकीच्या माणसाला चुकीचे पान मिळणे हा मात्र संथपणापेक्षा कितीतरी गंभीर दोष आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानावर हल्ल्याचा भार आला असताना कॅशचे नवे नियम घाईत लावले गेले आणि त्यांत लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानेही साठवली गेली. सुमारे ३४,००० ग्राहकांच्या पानांची उत्तरे इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने नंतर जाहीर केली; त्यांत बिलाचे पत्ते, ईमेल आणि खरेदीचा इतिहास होता. असा प्रकार आढळल्यास कारण शोधत बसू नये: पानांची कॅश तत्काळ बंद करावी, सीडीएनचा साठा पूर्ण रिकामा करावा आणि त्यानंतर तपास सुरू करावा. असे घडू नये यासाठी कॅशच्या नियमांत बदल केल्यावर दर वेळी दोन वेगळ्या ब्राउझरांत दोन वेगळी खाती उघडावीत, दोन्ही कार्टांत वेगळ्या वस्तू टाकाव्यात आणि मुखपृष्ठापासून चेकआउटपर्यंत दोन्हीकडे समांतर जाऊन नाव, पत्ता व वस्तू पडताळाव्यात. किंमत चलनावर किंवा ग्राहकाच्या गटावर अवलंबून असेल तर तो गट कॅशच्या ओळखीचा भाग झालेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

मोठ्या विक्रीच्या दिवशी संपूर्ण कॅश रिकामी करण्याचा मोह टाळावा. साठा एकदम संपला की हजारो विनंत्या तेच पान एकाच वेळी नव्याने तयार करायला लावतात, आणि कॅशमुळे आतापर्यंत टिकून राहिलेला सर्व्हर काही सेकंदांत कोसळतो. बदललेल्या वस्तूंची आणि त्यांच्या याद्यांची पाने तेवढीच टॅगनुसार काढावीत, स्टेल-व्हाइल-रिव्हॅलिडेट लावून नवे पान तयार होईपर्यंत जुने देण्याची परवानगी ठेवावी, आणि किमती आदल्या रात्री बदलून मुख्य पाने आपणच एकदा मागवून साठ्यात भरून ठेवावीत. भाराची चाचणी घ्यायची असेल तर ती मुखपृष्ठावर घेऊन समाधान मानू नये. चाचणीच्या साइटवर, वस्तू कार्टमध्ये टाकून पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जाणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढवत न्यावी आणि पहिला बाइट ०.८ सेकंदांच्या पुढे कितव्या ग्राहकाला जातो ते टिपून ठेवावे.